स्नोरी स्टुर्लुसन ह्याचें चरित्र व त्याचें ग्रंथकर्तृत्व

१. युरोप खंडाच्या वायव्येस, ६३ ते ६६ ह्या उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, आइसलंड नांवाचें बेट आहे. तेथें इ. स. ८७० च्या सुमारास कायमची वसाहत झाली. वसाहत करणारे बहुतेक नॉर्वे देशांतून आलेले होते. नॉर्वेच्या जुन्या राजांचा जो सर्वांत प्रख्यात इतिहास आज 'हाइम्सक्रिंग्ला' ह्या नांवानें ओळखला जातो, तो नॉर्वेंत तयार न होतां ह्या दूरच्या बेटांत तयार झाला. उत्तरेकडील लोकांच्या ख्रिस्ती धर्मापूर्वींच्या दैवतकथा व काव्यसंकेत ज्यांत सांगितले आहेत, तो 'एड्डा' नामक ग्रंथहि ह्याच बेटांतला. दोन्ही ग्रंथ एकाच पुरुषाच्या नांवावर मोडतात. त्या पुरुषाचें नांव स्नोरी स्टुर्लुसन, म्हणजे स्टुर्लाचा पुत्र स्नोरी. ह्याचा जन्म इ. स. ११७९ च्या सुमाराचा, वध इ. स. १२४१ तला.

२. स्नोरीविषयीं जे लिहितात, ते सामान्यतः एका ठराविक वाटेनें जातात. प्रथम त्याचें चरित्र सांगावयाचें; त्यांत त्याचा लोभ, त्याचें राजकारण व त्याचा शोचनीय अंत रंगवावयाचा; आणि मग त्या चरित्राच्या प्रकाशांत त्याचे ग्रंथ वाचावयाचे. हें वाचन मनोरंजक होतें ह्यांत शंका नाहीं. परंतु चरित्र कोणाच्या साक्षीवर उभें आहे, ग्रंथ त्याचेच कशावरून, आणि ग्रंथावरून काढलेलें अनुमान पुन्हा चरित्राचा पुरावा म्हणून तर वापरलें जात नाहीं ना, हे तीन प्रश्न संशोधकानें आधीं विचारले पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा हेतु हे प्रश्न लावून पाहण्याचा आहे. तेणेंकरून स्नोरीची कीर्ति कमी होत नाहीं. मात्र तिचा पाया कोठें पक्का आहे व कोठें भुसभुशीत आहे, तें कळतें.

३. प्रथम ज्या समाजांत हा पुरुष वाढला त्याचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आइसलंडांत त्या काळीं राजा नव्हता. इ. स. ९३० च्या सुमारास तेथें 'अल्थिंग' नांवाची सर्व देशाची वार्षिक सभा स्थापन झाली. तींत कायदे होत व खटले चालत. परंतु निकालाची अंमलबजावणी करणारें सरकारी खातें असें कांहीं नव्हतें. ज्यानें निकाल मिळविला त्यानेंच तो बजावून घ्यावा, अशी रीत होती. अर्थात् ज्याच्या पाठीशीं माणसें त्याचा न्याय. 'गोदी' नांवाचे वंशपरंपरागत नायक असत व शेतकरी त्यांच्या आश्रयानें राहत. ही नायकी वारसानें मिळे, विकत घेतां येई, देणगी म्हणूनहि देतां येई. स्नोरीच्या काळीं पुष्कळ नायक्या थोड्या घराण्यांच्या हातीं जमल्या होत्या, व तीं घराणीं एकमेकांच्या जिवावर उठलेलीं होतीं. त्यांपैकीं एक घराणें स्टुर्लुंगांचें, म्हणजे स्नोरीचें. त्या सबंध कालखंडालाच पुढें ह्या घराण्याचें नांव मिळालें.

४. सभेचा प्रमुख अधिकारी म्हणजे विधिवक्ता. कायदे लिहिले जाण्यापूर्वीं ते मुखोद्गत ठेवून सभेपुढें म्हणून दाखविणें, दर वर्षीं एक तृतीयांश ह्याप्रमाणें तीन वर्षांत सर्व कायदा संपविणें, हें त्याचें काम. कायदे लिहून काढण्यास इ. स. १११७-१८ च्या हिवाळ्यांत आरंभ झाला, तरी हें पद पुढेंहि चालूं राहिलें. स्नोरी हा इ. स. १२१५ ते १२१८ व पुन्हा १२२२ ते १२३१ ह्या पदावर होता. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, तो पाठांतराच्या व लेखनाच्या, दोन्ही परंपरांत मुरलेला होता. दुसरी, साक्ष, पुरावा व जबानी ह्यांची पारख हा त्याचा नित्याचा व्यवहार होता. त्याच्या नांवावरच्या इतिहासग्रंथाची प्रस्तावना वाचतांना ही दुसरी गोष्ट विशेषेंकरून उपयोगी पडते.

५. स्नोरीचा जन्म पश्चिम भागांतील ह्वाम येथें झाला. त्याचा बाप स्टुर्ला हा भांडखोर म्हणून प्रसिद्ध होता. एका वारसाहक्काच्या तंट्यांत प्रतिपक्षाच्या बायकोनें स्टुर्लाच्या तोंडावर सुरी चालविली व त्याचा गाल कापला. ह्याबद्दल स्टुर्लानें भरपाई मागितली ती इतकी भारी, कीं ती कमी करण्यासाठीं दक्षिणेकडील थोर नायक योन लोफ्टसन ह्याला मध्यें पडावें लागलें. स्टुर्लाची समजूत काढण्याकरितां योननें त्याच्या मुलाला आपल्या घरीं वाढविण्याचें पत्करलें. दुसऱ्याचें मूल वाढविणें म्हणजे त्याच्याहून आपण खालच्या पायरीवर आहों असें मान्य करणें, असा त्या समाजाचा संकेत होता. सबब हा मोठाच मान झाला. येणेंप्रमाणें दोन-तीन वर्षांचा स्नोरी इ. स. ११८१ च्या सुमारास ओड्डी येथें आला. दोन वर्षांनीं बाप वारला.

६. ओड्डीचें घर म्हणजे त्या बेटांतलें विद्यापीठच होय. योनचा आजा सैमुंड (इ. स. १०५६-११३३) हा 'विद्वान्' ह्या उपनांवानें विख्यात होता व त्यानें नॉर्वेच्या राजांविषयीं लिहिलेलें होतें. शिवाय योनची आई नॉर्वेचा राजा माग्नुस ह्याची कन्या होती. ज्या घरीं राजवंशाचें रक्त, धर्मग्रंथांचा संग्रह व जुन्या राजांच्या गोष्टी एकत्र नांदत होत्या, त्या घरीं स्नोरी योनच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे इ. स. ११९७ पर्यंत वाढला. एका चाकूच्या वाराचा हा परिणाम. भांडणानें त्याला विद्येच्या घरीं नेलें, व पुढें भांडणानेंच त्याचा अंत केला.

७. पुढचें चरित्र संक्षेपानें असें. त्याचा वडिलार्जित वांटा खर्च होऊन गेला होता. इ. स. ११९९ त त्यानें बोर्ग येथील श्रीमंत बेर्सीची कन्या हेर्दीस हिच्याशीं लग्न केलें व सासऱ्याच्या पश्चात् बोर्गचें वतन मिळविलें. बोर्ग हें दहाव्या शतकांतील एगिल नामक प्रख्यात कवीचें ठाणें. स्नोरी मातृपक्षानें त्याच एगिलचा वंशज. इ. स. १२०६ च्या सुमारास तो रेक्होल्ट येथें राहावयास गेला व तेंच त्याचें कायमचें ठिकाण झालें. इ. स. १२१८ ते १२२० तो नॉर्वेंत होता. तेथें राजा हाकोन हा अल्पवयी असून कारभार अर्ल स्कूली ह्याच्या हातीं होता. ओड्डीकरांचा व बेर्गेनच्या व्यापाऱ्यांचा तंटा होऊन स्कूली आइसलंडावर आरमार पाठविण्याच्या बेतांत होता. स्नोरीनें तो बेत मोडला. मात्र त्याच्या मोबदल्यांत, बेटांतील लोकांना राजाच्या बाजूस वळविण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें, राजाचा सरदार ही पदवी स्वीकारली, आणि आपला पुत्र योन ह्यास ओलीस पाठविण्याचें कबूल केलें. स्कूलीकडून त्याला जहाज व पंधरा मोठ्या देणग्या मिळाल्या. परत आल्यावर राजाच्या कामासाठीं त्यानें फारसें कांहीं केलें नाहीं. इ. स. १२३७ ते १२३९ तो दुसऱ्यांदा नॉर्वेंत होता. त्या अवधींत, इ. स. १२३८ च्या ऑगस्टांत, त्याचा भाऊ सिग्वात व पुतण्या स्टुर्ला सिग्वातसन हे ऑर्लिग्स्टाडिरच्या लढाईंत पडले. राजानें जाण्यास मनाई केली असतां स्नोरी स्कूलीच्या आश्रयानें परत आला. पुढें स्कूलीनें स्वतःस राजा म्हणवून बंड केलें व इ. स. १२४० त तो मारला गेला. मग स्नोरीला नॉर्वेस पाठवावें, नाहीं तर मारावें, अशा आशयाचें राजाचें पत्र गिस्सुर थोर्वाल्डसन ह्यास आलें. हा गिस्सुर एके काळचा स्नोरीचा जांवई. इ. स. १२४१ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेच्या रात्रीं गिस्सुरची टोळी रेक्होल्टांत शिरली व तळघरांत लपलेल्या स्नोरीला पांच जणांनीं गांठून मारिलें.

८. आतां ही हकीकत सांगतो कोण? तिचा जवळजवळ सर्व भाग 'आइसलंडकरांची बखर' असें ज्याचें नांव मराठींत होईल त्या ग्रंथांतून आला आहे. हा ग्रंथ इ. स. १३०० च्या सुमारास झालेल्या 'स्टुर्लुंगा' ह्या मोठ्या संकलनांत समाविष्ट होऊन टिकला. त्याचा कर्ता स्टुर्ला थोर्दारसन (इ. स. १२१४-१२८४) हा स्नोरीच्या दुसऱ्या भावाचा मुलगा, लढाईंत पडलेल्या स्टुर्लाहून हा वेगळा. तो तरुणपणीं स्नोरीच्या सान्निध्यांत राहिलेला होता. स्नोरीच्या वधानंतर त्याचा पुत्र ओरैक्या ह्यानें सूड घेण्यासाठीं इ. स. १२४२ च्या आरंभीं स्काल्होल्ट येथें गिस्सुरवर चाल केली, तींत हा स्टुर्ला सामील होता. येथवर पाहतां साक्षीदार स्नोरीच्या पक्षाचा दिसतो. परंतु इ. स. १२५३ त ह्याच स्टुर्लानें आपली तेरा वर्षांची कन्या गिस्सुरच्या मुलास दिली. त्या लग्नानंतर लवकरच शत्रूंनीं फ्लूगुमिरी येथील घर जाळलें. वधू वांचली, वर गेला. पुढें इ. स. १२६२-६४ त आइसलंड नॉर्वेच्या राजाच्या अंमलाखालीं गेलें. त्यानंतर लवकरच स्टुर्लानें हाकोन राजाचें चरित्र लिहिलें, तें हाकोनचा पुत्र माग्नुस राजा ह्याच्या सांगण्यावरून. म्हणजे ज्या राजाचें पत्र स्नोरीच्या जिवावर आलें, त्या राजाचा चरित्रकार, आणि स्नोरीच्या कुटुंबाचा इतिहासकार, एकच. मारणाऱ्याचा व्याही आणि मेलेल्याचा पुतण्याहि तोच.

९. इतक्या नात्यांनीं बांधलेला साक्षीदार खोटाच असला पाहिजे, असें म्हणणें अन्यायाचें होईल. स्टुर्लाच्या लेखनांत एक उल्लेखनीय गुण आहे. तो निवाडा क्वचितच देतो. कृत्य सांगतो, बोलणें सांगतो व पुढें जातो. स्थळें, माणसांचीं नांवें व तिथ्या तो पुष्कळ देतो. हा गुण मान्य करूनहि एक गोष्ट विसरतां येत नाहीं. निवडीनेंहि मत सांगतां येतें. स्नोरीचे जमिनीचे सौदे, मुलींचीं लग्नें, वारसाचे तंटे व भावांशीं झालेले बेबनाव स्टुर्ला तपशीलवार देतो. त्याच्या विद्येविषयीं मात्र तो जवळजवळ मौन धरतो. एड्डेचें नांव तो घेत नाहीं. वधाच्या प्रसंगीं हा मोठा ग्रंथकार होता असा शब्द काढीत नाहीं. ह्या मौनाचें कारण द्वेष मानण्याचें प्रयोजन नाहीं; त्याचा ग्रंथ तंट्यांचा व लढायांचा आहे, विद्वानांचा नाहीं. परंतु परिणाम असा झाला आहे, कीं स्नोरीचें लोभी व डळमळीत चित्र आपणांस ठळक मिळतें, आणि ग्रंथकाराचें चित्र मिळतच नाहीं. जो वाचक ही उणीव साक्षीदाराच्या विषयाची न समजतां स्नोरीच्या स्वभावाची समजतो, तो फसतो.

१०. ह्या मौनांत एक अपवाद आहे व तो सोन्याच्या मोलाचा आहे. इ. स. १२३० च्या हकीकतींत स्टुर्ला सांगतो, कीं काका-पुतण्यांचा समेट झाला, पुतण्या स्टुर्ला सिग्वातसन पुष्कळ दिवस रेक्होल्टास राहिला, आणि स्नोरीनें रचलेल्या पुस्तकांवरून इतिहासाच्या पोथ्या लिहवून घेण्याकडे त्यानें फार लक्ष दिलें. एवढेंच एक वाक्य. तें सहज आलेलें आहे. त्यांत कोणाची स्तुति नाहीं व कोणाचा पक्ष नाहीं. आणि म्हणूनच तें अधिक विश्वसनीय आहे. त्यावरून इतकें निश्चित होतें कीं इ. स. १२३० च्या सुमारास स्नोरीचीं स्वतः रचलेलीं ऐतिहासिक पुस्तकें होतीं, तीं रेक्होल्टांत होतीं, आणि त्यांच्या नकला होत होत्या. तीं पुस्तकें कोणतीं, हें वाक्य सांगत नाहीं.

११. आतां ग्रंथांकडे वळूं. एड्डेविषयींचा पुरावा सरळ आहे. स्वीडनांतील उप्साला विद्यापीठांत जी चर्मपत्रावरील प्रत आहे, ती इ. स. १३०० ते १३२५ च्या दरम्यानची समजतात. तिच्या आरंभींच्या मथळ्यांत ग्रंथाचें नांव एड्डा असल्याचें व तो स्नोरीनें रचल्याचें स्पष्ट लिहिलें आहे. त्याच प्रतींत स्टुर्लुंगांची वंशावळ व विधिवक्त्यांची यादी आहे. अर्थात् ती प्रत स्नोरीच्या घराण्याची माहिती असलेल्या मुळावरून उतरली. ही प्रत सतराव्या शतकांत आइसलंडाच्या ब्रिन्योल्फुर नामक बिशपाकडून डेन्मार्कांतील विद्वान् स्टेफानियुस ह्याच्याकडे गेली. पुढें स्वीडनच्या एका सरदारानें विकत घेऊन इ. स. १६६९ त ती उप्सालास दिली. ग्रंथाच्या अखेरच्या भागांत 'हात्तातल' हें १०२ कडव्यांचें काव्य आहे. त्यांत राजा हाकोन व अर्ल स्कूली ह्यांची स्तुति असून शंभर वृत्तभेद दाखविले आहेत. तें इ. स. १२२२-२३ च्या हिवाळ्यांतलें मानतात. स्नोरीचा आणखी एक पुतण्या, ओलाफ थोर्दारसन, ह्यानें आपल्या अलंकारग्रंथांत त्यांतील उदाहरणें घेतलीं आहेत. काव्य, त्याची टीका व काव्यसंकेतांचा कोश असा हा एकत्र ग्रंथ. जुन्या कवितेंत सोन्याला सिफ देवीचे केस कां म्हणतात, हें तरुण कवींना कळावें, ह्यासाठीं त्यानें दैवतकथा सांगितल्या. ख्रिस्ती धर्म येऊन दोनशें वर्षें लोटल्यावर जुन्या देवांच्या कथा ज्या टिकल्या, त्यांचें एक मोठें कारण हें छंदःशास्त्र होय.

१२. हाइम्सक्रिंग्लेची गोष्ट वेगळी आहे. ह्या ग्रंथाचें आजचें नांवहि मूळचें नव्हे. पहिल्या प्रकरणाच्या आरंभीं 'जगाचें वर्तुळ' अशा अर्थाचे शब्द आहेत, त्यांवरून तें मागाहून पडलें. त्यांत पुराणप्राय ईंग्लिंग वंशापासून इ. स. ११७७ पर्यंतच्या राजांचीं सोळा चरित्रें आहेत. ह्या ग्रंथाच्या ज्या मध्ययुगीन प्रती आज माहीत आहेत, त्यांत कर्ता म्हणून स्नोरीचें नांव नाहीं. तें नांव प्रथम भेटतें तें सोळाव्या शतकांतील दोन नॉर्वेकर भाषांतरकारांच्या लेखनांत: एक लाउरिट्स हान्सेन, इ. स. १५५० च्या सुमाराचा. दुसरा पेदर क्लाउसेन फ्रिस, इ. स. १६०० च्या सुमाराचा. फ्रिसचें भाषांतर ओले वोर्म ह्यानें इ. स. १६३३ त कोपनहेगन येथें छापिलें, आणि तेव्हांपासून ग्रंथ स्नोरीचा हें मत सर्वत्र रूढ झालें. भाषांतरकारांच्या हातीं नांव असलेली एखादी जुनी प्रत होती, कीं त्यांनीं स्वतःच्या तर्कानें नांव घातलें, ह्या प्रश्नावर विद्वानांत वाद आहे. योन्ना लुई-येन्सेन ह्या विदुषीनें इ. स. १९९७ त कर्तृत्वाचा प्रश्नच पुन्हा उघडपणें मांडला.

१३. ह्या वादांत जीं प्रमाणें पुढें केलीं जातात, त्यांची प्रतवारी लावणें अवश्य आहे. पहिलें प्रमाण स्टुर्लाच्या इ. स. १२३० च्या वाक्याचें. तें समकालीन व नि:पक्षपाती आहे, पण ग्रंथाचें नांव देत नाहीं. दुसरें, सोळाव्या शतकांतील भाषांतरकारांचें. तें ग्रंथ दाखवितें, पण काळानें तीनशें वर्षें दूर आहे. हीं दोन्ही बाहेरचीं प्रमाणें असून एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. म्हणून तीं एकाच दिशेला बोट दाखवितात ह्याला किंमत आहे. तिसरें, एड्डेंत व ह्या इतिहासांत जुन्या राजकवींच्या काव्यांचा सारखाच आधार व सारखाच आदर दिसतो, हें. हें आंतलें प्रमाण. साह्यकारी, पण निर्णायक नव्हे, कारण ती विद्या एकट्या स्नोरीची नव्हती. चौथें प्रमाण असें मांडतात, कीं ग्रंथकर्त्याला स्वीडनच्या विधिवक्त्यांची चांगली माहिती आहे, आणि स्नोरी इ. स. १२१९ त वेस्टरगटलंडचा विधिवक्ता एस्किल ह्याच्या घरीं राहिलेला होता. सबब ग्रंथ त्याचा. पांचवें असें, कीं ग्रंथांत राजकारणाचें जें मर्म दिसतें तें स्नोरीसारख्या मुरलेल्या पुरुषालाच साधेल. हीं शेवटचीं दोन प्रमाणें दिसावयास आकर्षक आहेत, पण तीं प्रमाणें नव्हेत. चरित्र ग्रंथाला जुळतें एवढेंच तीं सांगतात. कर्तृत्व दुसऱ्या पुराव्यानें ठरल्यावर हें जुळणें समाधान देतें. कर्तृत्व ठरविण्यास तें पुरत नाहीं.

१४. चक्रापत्ति कशी होते, तें एका प्रसिद्ध उदाहरणानें स्पष्ट होईल. हाइम्सक्रिंग्लेंत ओलाफ राजाच्या चरित्रांत अशी कथा आहे, कीं राजानें आइसलंडकरांकडे उत्तर किनाऱ्यावरील ग्रिम्से हें लहानसें बेट मित्रभावाची खूण म्हणून मागितलें. पुष्कळ नायक देण्यास राजी होते. तेव्हां आइनार नामक पुरुषानें भाषण केलें. त्याचा आशय असा: हा राजा चांगला असेल, पण पुढचे सर्वच तसे निघतील असें नाहीं, एकदां दिलेलें स्वातंत्र्य परत येत नाहीं, आणि त्या बेटावर परकें सैन्य ठेवून पोसतां येईल, हेंहि ध्यानांत धरा. ह्या भाषणावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. कोणी म्हणतात, राजाला वचन देऊन आलेल्या स्नोरीच्या मनांतली खरी देशभक्ति येथें प्रकट झाली. दुसरे म्हणतात, स्वतः सरदारकी घेऊन दुसऱ्याच्या तोंडीं स्वातंत्र्य घालणारा हा दुतोंडी पुरुष. दोन्ही पक्ष एकच गोष्ट गृहीत धरतात: आइनारचा शब्द हा स्नोरीच्या अंतःकरणाचा शब्द. परंतु त्याच ग्रंथांत राजे, बंडखोर, शेतकरी व विधिवक्ते ह्या सर्वांचीं भाषणें आहेत व प्रत्येकाचें भाषण त्याच्या बाजूनें समर्थ आहे. खटल्यांत दोन्ही पक्षांचें म्हणणें मांडण्याची ज्याला संवय, त्याची ही शैली आहे. त्यांतील एक भाषण उचलून तें कर्त्याचा कबुलीजबाब ठरविणें, व त्यावरून चरित्रांतील कृत्यांचा हेतु काढणें, हा पुरावा नव्हे. इ. स. १२६२-६४ तलें स्वातंत्र्यहरण पुढें ठाऊक असलेल्या वाचकाला तें भाषण भविष्यवाणीसारखें वाटतें; पण तें वाटणें वाचकाचें आहे.

१५. ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत साक्षीची एक कसोटी सांगितलेली आहे. राजांच्या किंवा त्यांच्या पुत्रांच्या समोर म्हटलेल्या जुन्या काव्यांवर ग्रंथकार भरंवसा ठेवतो. कवि स्तुति करतात हें त्याला माहीत आहे. पण ज्या लढाया झाल्याच नाहींत त्या झाल्या असें राजाच्या तोंडावर, सर्व ऐकणारे जाणते असतां, सांगितल्यास ती स्तुति न होतां थट्टा होईल, असा त्याचा युक्तिवाद आहे. शिवाय काव्य वृत्तबद्ध असल्यामुळें शब्द पालटत नाहींत. इ. स. ११४८ त वारलेल्या आरी नामक विद्वानावर त्याचा विश्वास आहे. कां, तर आरीनें ज्यांच्यापासून ऐकलें ते वृद्ध, स्मरणशील व त्या घटनांच्या जवळचे होते. कोण बोलतो, कोणापुढें बोलतो, आणि ऐकणाऱ्याला खरें-खोटें कळण्याजोगें आहे कीं नाहीं, हे तीन प्रश्न तेराव्या शतकांत त्या दूरच्या बेटांत इतक्या स्वच्छपणें मांडले गेले, हीच ह्या ग्रंथाची सर्वांत मोठी योग्यता होय.

१६. हीच कसोटी स्नोरीच्या चरित्राला लावावी. स्टुर्ला बोलतो तो कोणापुढें? ज्यांचे बाप व भाऊ त्या तंट्यांत पडले, अशा लोकांपुढें. लढाई कोठें झाली, कोण पडलें, जमीन कोणाकडे गेली, ह्या बाबतींत त्याला खोटें सांगतां येण्याजोगें नव्हतें. ऐकणाऱ्यांनीं लगेच अडविलें असतें. ह्या भागांत तो विश्वसनीय आहे. परंतु नॉर्वेच्या दरबारीं स्नोरी व स्कूली ह्यांच्यांत खासगी काय बोलणें झालें, स्नोरीनें वचन दिलें तें मनापासून कीं वेळ मारून नेण्यासाठीं, ह्याविषयीं आइसलंडांतील श्रोत्यांपैकीं कोणी त्याला अडवूं शकत नव्हता. ह्या भागांत त्याची साक्ष त्याच मोलाची नाहीं. आणि नेमक्या ह्याच भागावर स्नोरीच्या चारित्र्याविषयींचे सर्व कठोर निवाडे उभे आहेत.

१७. ग्रंथकाराच्या परिस्थितीचा शोध मग निष्फळ आहे काय? मुळींच नाहीं. परिस्थिति हेतु सांगत नसली, तरी साधन सांगते. चर्मपत्राचा ग्रंथ म्हणजे वासरांचा कळप. चौदाव्या शतकांतील 'फ्लातेयारबोक' ह्या प्रख्यात पोथीला ११३ वासरांचें चामडें लागलें, असा हिशेब केलेला आहे. ज्याच्या जवळ कुरणें, गुरें, हाताखालीं लेखक व त्यांना हिवाळाभर पोसण्याइतकें धान्य नाहीं, त्याच्या हातून मोठा ग्रंथ होणें शक्य नव्हतें. इ. स. १२२४ त स्नोरीनें बेटांतील सर्वांत श्रीमंत समजली जाणारी विधवा हाल्वेग हिच्याशीं भागीदारी केली, ह्याबद्दल त्याला लोभी म्हणणाऱ्यांनीं रेक्होल्टांत नकला होत होत्या हेंहि त्याच खात्यावर मांडावें. ज्या संपत्तीनें त्याला शत्रु मिळवून दिले, तीच संपत्ति पोथ्यांत उतरली.

१८. रेक्होल्टाच्या बाबतींत दोन वस्तुरूप पुरावे आहेत व ते कोणत्याहि बखरीवर अवलंबून नाहींत. एक, तेथील चर्चच्या मालमत्तेची चर्मपत्रावरील यादी. तिचा सर्वांत जुना भाग बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा असून आइसलंडी भाषेंतील हा सर्वांत जुना अस्सल कागद गणला जातो. पुढें निरनिराळ्या हातांनीं तींत भर पडत गेली व त्या नोंदींत स्नोरीचें नांव येतें. दुसरा, 'स्नोरीचें कुंड' ह्या नांवानें प्रसिद्ध असलेलें ऊन पाण्याचें दगडी कुंड. त्याचा व्यास सुमारें चार मीटर आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभीं तेथें झालेल्या उत्खननांत मध्ययुगीन घरांचे पाये व घरापासून कुंडाकडे जाणारा मार्ग सांपडला. हा पुरावा स्नोरीच्या मनाविषयीं कांहीं बोलत नाहीं. तो कोठें व कोणत्या ऐपतीनें राहत होता, हें मात्र निःसंशय दाखवितो.

१९. हस्तलिखितांच्या संग्राहकांना ह्या इतिहासांतील आणखी एक प्रकरण मननीय वाटेल. हाइम्सक्रिंग्लेची उत्कृष्ट प्रत 'क्रिंग्ला', स्नोरीच्या वधानंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेली, कोपनहेगन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत होती. इ. स. १७२८ च्या ऑक्टोबरांतील आगींत ती जळाली. एक पान तेवढें वांचलें, कारण तें आधींच पोथीपासून सुटून स्वीडनांत गेलेलें होतें. सबंध पोथीचा पाठ आज उपलब्ध आहे तो आगीपूर्वीं, सतराव्या शतकाच्या अखेरीस, आस्गेर योन्सन ह्या आइसलंडी लेखकानें काळजीपूर्वक केलेल्या नकलेमुळें. उरलेलें पान इ. स. १९७५ त स्वीडनच्या राजानें आइसलंडास भेट दिलें. मूळ जळालें, नक्कल टिकली. आणि निष्काळजीपणानें सुटलेलें पान सांभाळून ठेवलेल्या पोथीपेक्षां दीर्घायुषी ठरलें. जे नकलांना कमी लेखतात, किंवा सुटें पान म्हणून टाकून देतात, त्यांनीं हें उदाहरण जवळ ठेवावें.

२०. तात्पर्य, स्नोरी स्टुर्लुसन ह्याच्याविषयीं निश्चित, संभाव्य व अनिश्चित अशा तीन थरांत बोललें पाहिजे. एड्डा व हात्तातल त्याचे, हें निश्चित. त्यानें इतिहासाचीं पुस्तकें रचलीं हेंहि निश्चित. तीं पुस्तकें म्हणजे आजची हाइम्सक्रिंग्ला, हें संभाव्य. दोन स्वतंत्र बाह्य प्रमाणांच्या बळावर बरेंच संभाव्य. त्यानें देश विकावयास काढला होता कीं वाचविला, हें अनिश्चित. आणि आइनारच्या भाषणावरून तें निश्चित होणारें नाहीं. इ. स. १९४७ त नॉर्वेकरांनीं शिल्पकार विगेलांड ह्यानें घडविलेला स्नोरीचा पुतळा रेक्होल्टास भेट दिला. ज्यांच्या राजाच्या पत्रानें तो मारला गेला, त्यांनींच आपल्या राजांचा इतिहास त्याच्या नांवें मान्य करून सातशें वर्षांनीं हा मान केला. सन्मानाला हरकत नाहीं. परंतु संशोधकाचें ऋण पुतळ्यानें फिटत नाहीं. तें फेडावयाचें तर ज्या एका वाक्यानें रेक्होल्टांतील नकलांची वार्ता टिकली, त्या जातीचीं वाक्यें दप्तरांतून व सुट्या पानांतून धुंडाळीत राहिलें पाहिजे. मोठ्या माणसाचें चरित्र पुष्कळदां त्याच्या शत्रूंच्या व आप्तांच्या हातीं राहतें. त्याचें ग्रंथकर्तृत्व मात्र एखाद्या मथळ्यावर व एखाद्या सहज लिहिलेल्या ओळीवर तरतें.